एकशे सदतीस सेंटिमीटरची काठी

४ फेब्रुवारी

माझ्या आयुष्याची उलथापालथ नेमकी कधी झाली, हे मला मिनिटासकट सांगता येतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, पूर्वेच्या उतारावर, झाड क्रमांक अकरा आणि झाड क्रमांक बारा यांच्या मधे, तिने माझ्या हातातली काठी घेतली.

बाकी जगाच्या दृष्टीने एवढंच घडलं, की वनअर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा पाय मुरगळला. आमच्या प्लॉटात अठ्ठेचाळीस झाडं. दर वर्षी प्रत्येकाचा घेर मोजायचा आणि झाड किती वाढलं ते काढायचं. काठी आमची मापाची होती, एकशे सदतीस सेंटिमीटर, टोकाला लाल रंग. बुंध्याशी उभी धरायची आणि लाल टोकापाशी टेप गुंडाळायची. मी मोजत होतो, ती लिहीत होती. अकरावं झाड झालं आणि तिचा पाय दगडावरून सटकला. पडता पडता तिने माझी काठी धरली. बोटं माझ्या बोटांवर. तीन सेकंद. चारही असतील.

मग ती काठी टेकत वनरक्षक काकांबरोबर खाली जीपकडे गेली. जाताना वळून म्हणाली, "तुझं अडेल ना रे काठीवाचून?"

मी म्हणालो, "माझं काही अडत नाही. तू जा."

अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. उरलेली सदतीस झाडं मी एकट्याने दोन तासांत उरकली. टेप छातीशी धरून, एकेका झाडाला मिठी मारत. मीच मोजलं, मीच लिहिलं, माझ्या जांभळ्या शाईच्या पेनने. काठी तिने परत दिली नाही. मी मागितली नाही. समजणाऱ्याला समजतं.

आज हे सगळं का लिहितोय? वही तर 'मी कसा सुधारेन' यासाठी आणली होती, आणि तिच्यात आजवर फक्त माझं नाव आहे. पण आज भावोजींच्या लाकडाच्या वखारीत प्लायवूड कारखान्याचा सुपरवायझर आला होता. त्यांच्याशी बोलताना म्हणाला, "पूर्वेचा उतार तोडीला सुटणार आता. कॉलेजचा रिपोर्ट आलाय. झाडं दुप्पट वेगाने वाढतायत म्हणे तिथली."

मी फळ्या मोजत होतो. हातातली टेप खळकन मिटली.

दुप्पट? मी ती झाडं पाहिली आहेत. ती झाडं म्हणजे सरकारी कचेरीतल्या फायली. हलतात, पण पुढे जात नाहीत.

रिपोर्टवर नाव तिचं आहे.


७ फेब्रुवारी

सुपरवायझरला चहा पाजून रिपोर्टची झेरॉक्स मिळवली. भावोजी म्हणाले, "कॉलेज सोडल्यावर अभ्यास सुरू केलास? उलटी गंगा वाहायला लागली आमच्या घरात."

त्यांना काय कळणार! सगळी मेख याच आकड्यात आहे. नियम साधा आहे. वर्षात जेवढं लाकूड वाढतं तेवढंच काढायचं. मुद्दलाला हात लावायचा नाही. म्हणजे वाढ दुप्पट दाखवली की तोड दुप्पट. झाडाला कळतही नाही की कागदावर आपण जाड झालो.

तक्ता बघितला. पहिल्या अकरा झाडांची घेरातली वाढ नऊ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे योग्य. आणि बाराव्या झाडापासून शेवटपर्यंत सगळी अठरा, एकोणीस, सतरा. जंगल काय बाराव्या झाडापासून टॉनिक प्यायला लागलं?

चोर हुशार आहे. पहिली अकरा खरी ठेवली, कारण तपासणारा पहिलं पानच बघतो. पुढचं सगळं शिजवलेलं. माझी गेल्या वर्षीची मोजणी खरी, मग यंदाची जानेवारीतली खोटी असणार. आणि जानेवारीत मोजायला कोण गेलं होतं? ती आणि दशांश.

दशांशाबद्दल लिहायला हवं. माझ्या जागी हा तिचा जोडीदार झाला. बुटका, संख्याशास्त्रवाला, सगळं तीन दशांशांपर्यंत बोलतो. 'जरा थांब' म्हणायच्या ऐवजी 'दोन पूर्णांक पाच शून्य शून्य मिनिटं' म्हणतो. हा माणूस प्रेम करत असेल तर तेही जवळच्या शतांशापर्यंत.


८ फेब्रुवारी

तीही सामील असेल का? नाही.

असेल तर?


१२ फेब्रुवारी

काल अकरा तारीख होती. वर्ष झालं. तिचा फोन येईल असं वाटलं होतं. नाही आला. म्हणून आज कॉलेजात गेलो. निमित्त ग्रंथालयाचं पुस्तक परत करण्याचं.

विभागाच्या दाराची काच अजून बदललेली नाही. चिकटपट्टी लावली आहे. तो तडा माझाच. ऑगस्टमध्ये सेमिनारला सरपणसरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मोजताना काही गडबड नाही ना झाली?" (सरपणसर हे नाव पोरांनी ठेवलेलं. पहिलं व्याख्यान सरपणाच्या अर्थशास्त्रावर देतात आणि स्वतःही तसेच, वाळके.) गडबड हा शब्द ऐकून सगळा वर्ग फिदीफिदी हसला. कोणासाठी मी झाडांना मिठ्या मारतो हे सगळ्यांना माहीत. माझ्या डोक्यात सणक गेली. "विश्वास नसेल तर तुम्हीच जाऊन मोजा," म्हणालो, आणि दार असं आपटलं की काच गेली आणि माझं दुसरं वर्षही गेलं. सर नंतर म्हणाले म्हणे, "याचा डिस्काउंट रेट फार मोठा आहे. उद्याची किंमत याला शून्य वाटते." वनअर्थशास्त्रातली शिवी आहे ही. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या झाडाची आजची किंमत काढायचा तो दर असतो. दर जितका मोठा तितकं उद्याचं झाड लहान.

तर आज. त्या तडा गेलेल्या काचेतून आत बघितलं. टेबलाभोवती तिघं. ती, दशांश, सरपणसर. टेबलावर माझी पानं. माझी! जांभळी शाई मी दहा फुटांवरून ओळखतो. आणि ती त्यांवर पेन्सिलने खुणा करत होती.

मी दार ढकललं. तिने चटकन पानं पालथी घातली.

"अरे, तू?" ती म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल.

"पुस्तक द्यायला आलो होतो."

"ग्रंथालय खाली आहे," दशांश म्हणाला.

"मला माहीत आहे कुठे काय आहे ते," मी म्हणालो, आणि त्याच्याकडे असं बघितलं की तो तीन दशांशांनी आखडला.

सर फक्त म्हणाले, "बस की. चहा घेतोस?" सरपणाला एवढा ओलावा कुठून आला? पाणी मुरतंय. नक्की मुरतंय. ते माझे आकडे बदलतायत.


१३ फेब्रुवारी

वखारीत तीन मापं चुकली. भावोजींनी ती स्वतः पुन्हा मोजली. ते जास्त लागतं.


१६ फेब्रुवारी

तिचा फोन! सकाळी साडेनऊला. शब्दन् शब्द लिहून ठेवतो.

"कसा आहेस?"

"आहे."

"एक विचारू? तुझी उंची किती रे?"

"का गं?"

"सांग ना."

"सहा फूट एक."

"चपला घालून की अनवाणी?"

"अनवाणी."

मग पेनाचा आवाज. ती लिहून घेत होती! माझी उंची!

"आणि त्या दिवशी, माझा पाय मुरगळला त्या दिवशी, तू निळा चौकड्यांचा शर्ट घातला होतास ना? आहे का अजून तो?"

"आहे. का?"

"जपून ठेव," ती म्हणाली. मग पान उलटल्याचा आवाज. "तू ती उरलेली झाडं कशी मोजलीस रे एकट्याने?"

"तुझा विचार करत," मी म्हणालो. कुठून धीर आला कोण जाणे.

ती हसली नाही. रागावलीही नाही. नुसता श्वास सोडला आणि म्हणाली, "तेच वाटलं मला."

ताईला सांगितलं. ताई भाजी निवडत होती. म्हणाली, "उंची विचारली म्हणजे स्वेटर विणणार असेल, नाहीतर शवपेटी करणार असेल. तुझ्या स्वभावाकडे बघता दुसरंच."

मी शर्ट शोधून इस्त्री केला. वरून दुसऱ्या बटणापाशी चिकाचा तपकिरी डाग आहे, टेप तिथेच टेकायची ना. धुऊन जात नाही. जाऊही नये.

दशांश गेला खड्ड्यात. ती निर्दोष आहे. ती फसवली जाते आहे.


१९ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे. हे ठळक अक्षरात लिहून ठेवायला हवं.

आज कॉलेजच्या मागच्या मैदानाशी गेलो होतो, सहज. कडेच्या झाडापाशी ती आणि दशांश. तिने त्याला दोन विटांवर उभं केलं होतं. विटांवर! आणि त्याच्या छातीवर, गळ्याच्या जरा खाली, बोट टेकवून ती म्हणत होती, "इथे. इथेच धर. हलू नकोस." तो टेप घेऊन झाडाला कवटाळून उभा, आणि तिचं बोट त्याच्या दुसऱ्या बटणावर.

दोघं हसले. मग ती कागदावर काहीतरी लिहून एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, "जमतंय रे. तंतोतंत जमतंय."

काय जमतंय ते मला विचारा!

विटांवर उभं राहून कोणी उंच होत नाही. माझी उंची विचारून त्याला उंच करायचं? माझी जागा त्याला द्यायची ती इतकी मापून? मी कुंपणामागून निघून आलो. येताना एका फाटकाला लाथ घातली. फाटक लोखंडी होतं.


२० फेब्रुवारी

अंगठा सुजलाय. बरं झालं. वखारीत जायचं नाही, म्हणजे लिहायला वेळ.

विद्यापीठाच्या परीक्षा समितीला तक्रार लिहिली. नावानिशी. निनावी पत्रं भेकड लिहितात. मसुदा असा:

'पूर्व उतारावरील प्लॉटची गेल्या वर्षीची मूळ मोजणी मी स्वतः केलेली असून ती अचूक आहे. यंदा दाखवलेली दुप्पट वाढ अशक्य आहे. मूळ पानांवर खाडाखोड होताना मी डोळ्यांनी पाहिले आहे. प्लायवूड कारखान्याच्या फायद्यासाठी आकडे बनवण्यात आल्याचा मला संशय आहे. संबंधित विद्यार्थिनीची पदवी रोखून चौकशी व्हावी.'

'संबंधित विद्यार्थिनी' लिहिताना हात अडखळला. पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. जंगल शिकायला आलेल्यांनीच जंगल विकायचं? हे प्रेमापेक्षा मोठं आहे. मी सूडाने करत नाहीये. हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

दोनदा नोंदवून ठेवतो. सूडाने नाही.


२१ फेब्रुवारी

पोस्टात टाकलं. टाकल्याबरोबर पेटीत हात घालून बघितला. माझा हात जात नाही. पेट्या मुद्दाम अशा करतात.


२६ फेब्रुवारी

समितीचं पत्र आलं. पाच मार्चला सकाळी अकरा वाजता चौकशी. तक्रारदाराने हजर राहावं. तोवर तिची तोंडी परीक्षा स्थगित. आरोप सिद्ध झाल्यास प्रवेश रद्द.

पत्र ताईच्या हाती लागलं. ती कधी ओरडत नाही. आजही नाही ओरडली. म्हणूनच घाम फुटला.

"काय वाकडं केलं तिने तुझं?"

"माझं नाही गं. झाडांचं."

"झाडांनी तुला वकीलपत्र दिलं होतं?"

"आकडे खोटे आहेत, ताई!"

"असतील. खोटे तिनेच केले हे तुला कोणी सांगितलं?" मग तिने कपाटाच्या फळीवरून एक लिफाफा काढून माझ्यापुढे टाकला. "हा डिसेंबरातला. तेव्हा म्हणालास, कॉलेजचा कागद वाचायचाच नाही."

फोडला. माझी अनुपस्थिती रजा म्हणून मंजूर. जागा जूनपर्यंत राखून ठेवली आहे. खाली सरपणसरांची सही, शिफारस म्हणून तिची.

मी काच फोडली आणि हा माणूस माझी जागा राखतो? कोणी उगाच का राखेल? मला गप्प ठेवायला. दुसरं काय!

हे वाचून दाखवलं तर ताई म्हणाली, "तुला कोणी पाणी दिलं तरी तू आधी तळाशी काय आहे ते बघशील. आणि तोवर तहानेने मरशील."


२ मार्च

वनरक्षक काका वखारीत आले होते. चौकीचं दार खालून कुजलंय, त्याला फळी हवी होती. मला बघून म्हणाले, "काय रे, लंबू, झाडांना मिठ्या मारायचं सोडलंस वाटतं?"

मी विचारलं, "जानेवारीत मोजणीला तुम्ही होतात?"

"होतो की. काठी घेऊन अगदी व्यवस्थित झाली. पण तुझी मैत्रीण परत आली होती ना, आठवड्यापूर्वी. बाराव्या झाडापासून शेवटपर्यंत सदतीस झाडं. दिवसभर. प्रत्येक झाडावर दोनदा टेप. एकदा काठीच्या लाल टोकापाशी, एकदा वीतभर वर. वरचं माप घ्यायला हात पुरेना, तर दगड सरकवत होती बिचारी. त्याच पायाने."

"दोन-दोन मापं कशाला?"

"मी पण विचारलं. म्हणाली, काका, कोणीतरी उंच माणूस इथे आधी येऊन गेलाय."

काका फळी खांद्यावर टाकून गेले.

दोन मापं. एक दाखवायचं, एक लपवायचं. माझा संशय खराच...

नाही. तिला दोन मापं बनवायची असती तर खोलीत बसून बनवली असती. त्यासाठी कोणी मुरगळलेल्या पायाने उतार चढत नाही.

वीतभर वर.

मला आज पुढे लिहायचं नाही.


३ मार्च

काही झालेलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. काका म्हातारे झालेत. माझी नजर पक्की आहे.


४ मार्च

हे सगळं नीट लिहायला हवं.

दुपारी चार वाजता ती वखारीत आली. भावोजी लाकूड उतरवून घेत होते, तिला बघून म्हणाले, "या. तो मागे आहे, फळ्यांवर राग काढतोय." हातात काठी होती. आमची. लाल टोक जरा उडालेलं. खालच्या टोकाला तिने रबराची टोपी बसवली होती, टेकताना सटकू नये म्हणून. म्हणजे वर्षभर वापरली तर.

मी आधीच सुरुवात केली. "समजावायला आली असशील तर..."

"सरळ उभा राहा."

"काय?"

"त्या खांबाला पाठ लाव आणि सरळ उभा राहा. चपला काढ."

तिच्या आवाजात असं काही होतं की मी काढल्या. तिने काठीची टोपी काढली आणि काठी माझ्या पोटाशी उभी केली. लाल टोक तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मधे आलं.

"हे एकशे सदतीस," ती म्हणाली. "आता तू त्या दिवशी टेप कुठे धरली होतीस ते दाखव. बोट ठेव."

मी हात वर नेला. मला माहीत होतं कुठे ठेवायचं. निळ्या शर्टावर चिकाचा डाग जिथे आहे तिथे. दुसरं बटण. बोट आणि लाल टोक यांच्या मधे वीतभराला थोडंच कमी अंतर होतं. तिने टेपने मोजलंही. पंधरा सेंटिमीटर.

"या झाडांचं बूड पसरट," ती म्हणाली. "पंधरा सेंटिमीटर वर गेलं की घेर नऊ मिलिमीटरनी कमी भरतो. मी सदतीसही झाडांवर करून बघितलं. तू सगळी वर मोजलीस, आम्ही जानेवारीत काठीने खाली मोजली. फरक पडला, आम्ही समजलो वाढ. सरांनी घाईत प्राथमिक रिपोर्ट पाठवला. मला शंका आली ती बाराव्या झाडापाशी."

वखारीत करवत चालू होती. ती थांबायची मी वाट बघत होतो, जणू त्यामुळेच मला बोलता येत नव्हतं. करवत थांबली.

"मला आधी का नाही सांगितलंस?" शेवटी निघालं तोंडून.

"सरांनी नुसतं विचारलं होतं, तर काच फुटली. मी ठरवलं, पूर्ण खात्री झाल्याशिवाय तुझ्यासमोर जायचं नाही. आणि खात्री झाली त्या दिवशी तुझी तक्रार आली." काठीकडे बघत म्हणाली, "पाय मुरगळला त्या दिवशी काठीवाचून अडेल का विचारलं होतं मी तुला."

"मी नाही म्हणालो."

"हो. आणि मी ऐकलं. काठी नेली ती मीच."

"तुझी चूक नाही ती!"

"मला माहीत आहे कोणाची काय चूक आहे." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "उद्या मी हे समितीला सांगितलं तर काय दिसेल? जिच्यावर आरोप, तीच तक्रारदारावर ढकलते आहे. मूळ मोजणी करणाऱ्याने लेखी दिलंय की ती अचूक आहे. त्याने स्वतः मागे घेतल्याशिवाय तो आकडा कोणी हलवू शकत नाही. कारखान्याला तर तोच हवाय. माझी पदवी जाईल, जाऊ दे, पण ते दुप्पट तसंच राहील आणि उतार सुटेल."

"म्हणजे मी..."

"मी काहीही म्हणत नाहीये. तुला ये असंही नाही, नको येऊ असंही नाही." तिने काठी खांबाला टेकवून ठेवली. "ही तुझ्याकडे राहू दे."

ती निघाली. दारापर्यंत गेल्यावर मी विचारलं. न विचारता राहवलं नाही, हा माझा स्वभावच. "वर्षभर का ठेवलीस ही?"

तिने वळून बघितलं. "मापाची काठी आहे," ती म्हणाली. "टाकून देतात का?"

आणि गेली. किंचित लंगडते अजून.

मी फळ्यांच्या थप्पीवर बसून राहिलो. भावोजी आले, काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आज घरी जा. आज तुझ्या हातात टेप द्यायची मला भीती वाटते."

बरोबर आहे त्यांचं.

मागची सगळी पानं वाचली. एक दिवस नाही ज्या दिवशी मला हे समोर दिसत नव्हतं. अकरा झाडं खरी. उंची. शर्ट. दोन विटा. मी प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली आहे, वळणदार अक्षरात, आणि प्रत्येकीखाली चुकीचं नाव घातलंय. कुऱ्हाडीचा दांडा शोधत फिरत होतो. तो सहा फूट एक इंच लांब होता.


५ मार्च

सकाळचे साडेनऊ.

अजूनही एक मन म्हणतं, हा सापळा असेल. माझ्याकडून कबूल करून घेतील, आणि ती दशांशाबरोबर हसेल. असेल. पण काठी खोटं बोलत नाही. मी सकाळी पुन्हा तिच्याशेजारी उभा राहिलो. तीनदा. तिन्ही वेळा तेच.

पत्र लिहून घेतलं, काळ्या शाईने. 'झाड क्रमांक बारा ते अठ्ठेचाळीस यांची मोजणी मी मापाच्या काठीशिवाय, स्वतःच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या उंचीवर केली. ती सदोष आहे. पानांवर खाडाखोड झालेली नाही, माझी चूक शोधली जात होती. तक्रार मागे घेतो.' का केली, हा रकाना नाही समितीच्या कागदावर. बरं आहे.

याने माझी राखून ठेवलेली जागा बहुतेक जाईल. खोटी मोजणी देऊन वर तिच्यावरच तक्रार. मी समितीत असतो तर मला कधीच घेतलं नसतं. ती परत बोलेल की नाही माहीत नाही. पहिल्यांदाच असं आहे, की उद्याची किंमत मला कळते आहे आणि ती शून्य नाही.

निळा शर्ट घातलाय, डागासकट. पुरावा म्हणून. ताईने दोनदा बघितलं आणि कॉलर सरळ केली. म्हणाली, "भांडायला जातोयस की माफी मागायला?"

"मोजायला," मी म्हणालो.

"मग काठी विसरू नकोस."

विसरलो नाही. टोपी बसवली आहे खालून.

ताई बाहेर स्वयंपाकघरात भांडी घासते आहे, भावोजी गाडी काढतायत. वही इथेच टेबलावर ठेवतो, उघडीच. कोणाला वाचायची असेल त्याने वाचावी. काठी घेतली. आता निघतो. दार हळूच ओढून घेतो, कडी नीट बसेपर्यंत.